ईएसपी३२ आणि मशीन लर्निंग : सुरुवात कुठून करावी

पायथनचे प्राथमिक धडे आणि एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर), एवढी तयारी सुरुवातीला पुरेशी आहे. मशीन लर्निंगला मात्र इतक्यात हात लावू नका. बोर्डावर मायक्रोपायथन (अशा छोट्या बोर्डांसाठीचे पायथन) चढवून आधी एलईडी लुकलुकवा, मग मातीतील ओलावा मोजणारा एकच सेन्सर जोडा आणि त्याचे आकडे वाय-फायवरून लॅपटॉपपर्यंत आठवडाभर खंड न पडता पोहोचतात का, ते पाहा. तुटलेले नेटवर्क आपोआप पुन्हा जोडणारा कोड लिहिताना जे शिकाल, ते तयार प्रकल्पाची नक्कल करून हाती लागत नाही.

नवशिक्यांचा वेळ बहुधा पुढील गोष्टींत जातो :

- संगणकाला बोर्ड दिसत नसेल, तर आधी केबल बदला. अनेक केबल केवळ चार्जिंगच्या असतात.
- बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत; ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिल्यास बोर्ड जळू शकतो.
- मूळ ईएसपी३२ला २.४ गिगाहर्ट्झचेच वाय-फाय चालते, आणि ते चालू असताना एडीसी२ गटातील (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या दुसऱ्या गटातील) पिनांवर अ‍ॅनालॉग मापन करता येत नाही. म्हणून सेन्सर ३२ ते ३५ क्रमांकांच्या पिनांपैकी एकीला जोडा.

पुढे मशीन लर्निंगकडे वळाल तेव्हा मॉडेलचे (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामचे) प्रशिक्षण लॅपटॉपवरच करा, कारण बोर्डावरील ५२० किलोबाइट रॅममध्ये छोटे, तयार मॉडेल फक्त चालवता येते. माती कोरडी आहे की नाही हे एका साध्या अटीने कळते, तिथे मॉडेल कशाला? त्यापेक्षा अ‍ॅक्सेलेरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) हातात धरून मॉडेलला दोन-तीन हालचाली ओळखायला शिकवा. क्वांटायझेशनचे, म्हणजे मॉडेलमधील आकडे कमी बिटांत मांडून ते लहान करण्याचे, त्यानंतर पाहू.