मनगटाच्या नसांवरून काही कळत नाही. सावळ्या त्वचेचा अंडरटोन (त्वचेखालून झळकणारी पिवळसर-उबदार किंवा गुलाबी-थंड छटा) कसा ओळखायचा?

नसा सोडा, सकाळी खिडकीपाशी, मेकअप न लावता, हनुवटीखाली आधी मोहरी-पिवळं आणि मग राणी रंगाचं कापड धरून आरशात बघा. पिवळ्याने चेहरा टवटवीत दिसला, डोळ्यांखालची वर्तुळं फिकी वाटली, तर अंडरटोन उबदार; राणीने तसं झालं तर थंड. दोन्ही शोभले तर न्यूट्रल, मग काहीही नेसा! सावळ्या त्वचेत मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) जास्त असल्याने नसांचा हिरवा-निळा फरक नीट दिसतच नाही. उबदार असेल तर शेंदरी, विटकरी, मेंदी आणि सोनेरी जरीकाठ. थंड असेल तर वांगी, जांभळा, रुपेरी जरीकाठ. ट्यूबलाइटखाली मात्र ही परीक्षा फसते. आवडत्या साडीचा रंग जुळला नाही तरी ती सोडू नका, चेहऱ्याजवळचा ब्लाउज जुळवा.