बाबांना सीपीआर नको म्हटलं, तर आपण त्यांचा जीव घेतला असं होतं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ८१ वर्षांचे आहेत, फुप्फुसाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलाय आणि ते इथे नागपुरात आयसीयूत आहेत. हृदय बंद पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न, करायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं. पुण्याचा भाऊ म्हणतो सगळं करा, आणि तुम्हाला झोप नाही.

नाही ताई, तसं होत नाही. मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये आयसीयू सिस्टर आहे. या प्रश्नावर भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीपीआरमध्ये आम्ही मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती ५-६ सेंटीमीटर खाली दाबतो. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात बहुतेक वेळा मोडतात. एवढं करूनही मेंदूला नेहमीपेक्षा बरंच कमी रक्त पोचतं, आणि रक्त पूर्ण थांबलं तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणजे हृदय सुरू झालं तरी माणूस पूर्वीसारखा परत येईलच असं नसतं. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या आठ हजारांवर रुग्णांवर ॲड्रेनलिनची, म्हणजे हृदय सुरू व्हावं म्हणून देतात त्या इंजेक्शनची, चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ मध्ये आले. इंजेक्शन दिलेल्यांत महिन्याभरानंतर ३.२ टक्के जिवंत होते, न दिलेल्यांत २.४ टक्के. पण वाचलेल्यांमध्ये मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्या गटातच बरंच जास्त निघालं. आम्हाला हे फार विचारात टाकणारं वाटलं, कारण तेच इंजेक्शन आम्ही रोज भरतो.

सीपीआर मुळात कोणासाठी, हेही बघा. बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये बाहेरून छाती दाबण्याची पद्धत मांडली, तेव्हाच्या रुग्णांपैकी अनेकांचं हृदय ऑपरेशनच्या वेळी, भुलीमुळे थांबलेलं होतं. कारण अचानक आलेलं आणि दूर करता येण्याजोगं. फुटाळा तलावावर फिरताना पन्नाशीचा माणूस कोसळला, तर तिथे क्षणभरही विचार करू नका. १०८ ला फोन लावा आणि छाती दाबायला लागा; मिनिटागणिक वाचण्याची शक्यता कमी होत जाते. बाबांचं तसं नाही. त्यांचं हृदय थांबेल ते आजार शेवटाला पोचला म्हणून. सुरू केलं तरी कॅन्सर तिथेच असणार, वर व्हेंटिलेटरची, म्हणजे श्वास देणाऱ्या मशीनची, नळी.

भावाला एक गोष्ट नीट सांगा: सीपीआर नको म्हणजे इलाज बंद, असं नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात नकार फक्त सीपीआरपुरता असतो. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, दुखण्यावरचं औषध, कूस बदलणं, तोंड ओलं करणं, सगळं चालू राहतं. दम लागला तर मॉर्फिनचा छोटा डोस मागा, त्याला घाबरू नका. मात्र आधीच लावलेलं व्हेंटिलेटर काढायचं असेल तर प्रक्रिया वेगळी: सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल, २०२३ मध्ये सोपे केलेले नियम, डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती. तुमच्यासमोर सध्या तो प्रश्न नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाबा अजून शुद्धीवर आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण त्यांना कोणी विचारल्याचं लिहिलेलं नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसापासून त्याचाच आजार लपवतात, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं. उद्या भेटीच्या वेळी ऑक्सिजनचा मास्क थोडा वेळ बाजूला ठेवता येईल का, ते सिस्टरांना विचारा. "बाबा, मशीनवर ठेवायचं का?" एवढंच विचारा. ते हो म्हणाले तर हो. भावाला त्या वेळी व्हिडिओ कॉलवर घ्या, म्हणजे बाबा काय बोलले ते त्याच्याही कानावर पडेल. मग दोघं मिळून डॉक्टरांशी बोला आणि ठरलं ते फाइलमध्ये लिहून घ्या. नंतर मन बदललं तर तो निर्णय कधीही बदलता येतो.