बायपास फॅटने गाईचं कोलेस्टेरॉल वाढतं का? गाय चरबीला जाते का? त्यापेक्षा तेल पाजलं तर?

कोलेस्टेरॉल वाढतं, आणि वाढू द्यावं. माणसाच्या लॅबने रिपोर्टवर लाल खूण केली म्हणून बायपास फॅट बंद करू नका. पाम तेलाच्या फॅटी ॲसिडचे कॅल्शियम क्षार म्हणजे बायपास फॅट. त्यात कोलेस्टेरॉल नसतंच. शोषलेली चरबी रक्तातून वाहून न्यायला वेष्टन लागतं, त्यासाठी गाईचं आतडंच कोलेस्टेरॉल तयार करतं. गाईत ते बहुतांश एचडीएलमध्ये, म्हणजे ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात त्यात, असतं. व्याल्याबरोबर पातळी अगदी खाली असते आणि दूध वाढत जातं तशी 200 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या पुढे जाते. माजचक्राला लागणारं प्रोजेस्टेरॉनही त्यातूनच बनतं. ट्रायग्लिसराइड फारसं हलत नाही, ते कास ओढून घेते.

माझा खरा राग तेलावर आहे. सिन्नरकडच्या एका गोठ्यावर 20 लिटर दूध देणारी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय व्यायली आणि ताकदीसाठी तिला रोज 300 मिली सोयाबीन तेल सुरू झालं. खाण्यात फॅट वाढवलं की दुधात वाढणारच, हा मालकांचा हिशेब. दुधाचं फॅट 3.6 टक्क्यांवरून 2.8 वर आलं, शेण पातळ झालं, रवंथ कमी झाला, आणि दोष मात्र मुरघासाला (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याला) दिला गेला. मी तिथेच आकडा मांडला. गाय पाण्याचा अंश वगळून 18 किलो चारा-खुराक खाते. त्यात 6 टक्के, म्हणजे 1080 ग्रॅम, ही एकूण चरबीची मर्यादा. 16 किलो चारा-भरड्यातून सुमारे 480 ग्रॅम, 2 किलो अख्ख्या सरकीतून 360, तेलातून 275. बेरीज 1115. त्यातही सरकीतली चरबी हळूहळू सुटते, मोकळं तेल एकदम पसरतं. ते चाऱ्याच्या तंतूंवर बसतं आणि तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मारतं. शिवाय कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात) तेलाचं रूपांतर होताना जे काही ट्रान्स फॅटी ॲसिड बनतात, ते कासेला चरबी बनवूच देत नाहीत. म्हणून दुधातलं फॅट पडतं. ‘आमच्या आजोबांपासून तेल पाजतात’ हे उत्तर मला मान्य नाही. त्यांच्या गाई 20 लिटर देत नव्हत्या आणि त्यांना रोज इतका भरडा पडत नव्हता.

बायपास फॅट कोठीपोटात पीएच 6 च्या वर असेपर्यंत तसंच राहतं आणि पुढे आम्लाच्या, म्हणजे चौथ्या, पोटात सुटतं. भरडा जास्त आणि चारा कमी असेल तर पीएच खाली जातो, बायपास फॅट आधीच फुटतं आणि तेलासारखंच वागतं. आधी चारा नीट करा, मग बायपास फॅटची पिशवी आणा.

अंगावर चरबी? व्याल्यानंतर पहिले तीन महिने नाही. तेव्हा गाय स्वतःचीच चरबी जाळत असते आणि दिलेली दुधात जाते. अंगगुण (अंगावरच्या चरबीला दिलेले 1 ते 5 गुण) 3.25 ते 3.5 असताना गाय व्यावी आणि नंतर घसरण पाऊण गुणाच्या आत राहावी. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर दूध उतरलं तरी चालू ठेवलं तर मात्र चढते. 4 च्या पुढची गाय व्याल्यावर खाणं टाकते, अंगातली चरबी एकदम यकृतात उतरते, आणि गाईचं यकृत ती बाहेर काढण्यात फार मंद असतं.

मात्रा 150 ते 200 ग्रॅम, दोन वेळच्या खुराकात विभागून. साबणासारख्या चवीने गाय नाक मुरडते, म्हणून 50 ग्रॅमपासून आठवडाभरात वाढवा. 10 लिटरच्या आतल्या गाईला पैसे घालवू नका.

किटोसिस (अंगातली चरबी जाळताना रक्तात किटोन साचण्याचा आजार) यामुळे थांबेलच असं नाही. ग्लुकोज भरड्यातून येतं, चरबीतून नाही. आणि दुधातलं प्रोटीन थोडं उतरतं, त्यामुळे 8.5 एसएनएफच्या (दुधातल्या फॅट सोडून बाकी घन घटकांच्या टक्केवारीच्या) काठावर असाल तर आठवडाभर संकलन केंद्राच्या पावत्या जुळवून पाहा.