‘एअरलूम’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न असा : एका जुन्या इंग्रजी रहस्यपटाची मराठी उपशीर्षकं करायची आहेत. पणजीकडून आलेलं एक लॉकेट आणि त्याच्याभोवती घरातली गुपितं, असं कथानक. ‘एअरलूम’ (heirloom, घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेली वस्तू) येईल तिथे ‘वडिलोपार्जित दागिना’ लिहिलं तर चालेल का?

सरसकट नाही चालणार. ‘वडिलोपार्जित’ म्हणजे वडील + उपार्जित, वडिलांनी कमावलेलं. हे ‘वडील’ म्हणजे फक्त बाप नव्हे, ‘वाडवडील’मधले वडील. पण शब्दाचा भर कमाईवर आहे, म्हणून तो जमीनजुमला, घर, इस्टेट यांनाच शोभतो आणि त्याच्यासमोर ‘स्वकष्टार्जित’ उभा राहतो. मृत्युपत्र वाचणाऱ्या वकिलाच्या तोंडी खुशाल घाला. (लिहिताना ‘डि’ ऱ्हस्व. ‘वडील’मधला ‘डी’ उपान्त्य म्हणून दीर्घ. शब्द वाढला की ‘वडिलांचा’, ‘वडिलोपार्जित’. ‘वडीलोपार्जित’ ही चूक छापील मजकुरातही सर्रास दिसते.)

लॉकेट मात्र पणजीकडून आजीकडे, आजीकडून नातीकडे आलेलं. ते कोणी कमावलं हा मुद्दाच नाही. बोलताना मराठी माणूस इथे विशेषण शोधत बसत नाही, सरळ माणसाचं नाव घेतो : ‘पणजीच्या वेळचं लॉकेट’, ‘पणजीपासून चालत आलंय’. उपशीर्षकाच्या तोकड्या ओळीत हेच बसतं. ‘वंशपरंपरागत’ अर्धी ओळ खातो.

‘वारसा’ टाळा. ‘वारस’ अरबीतून आला, ‘मिरासदार’मधली ‘मिरास’ही त्याच धातूची. पण आज ‘वारसा’ म्हणजे हक्क किंवा संचित, हातात धरायची वस्तू नव्हे. ‘तिने वारसा पर्समध्ये टाकला’ असं वाचून प्रेक्षक हसेल. ‘पिढीजात’ला वैर, धंदा, श्रीमंती चालते, लॉकेट नाही. जुन्या बायका दागिन्याला ‘डाग’ म्हणत, आणि ‘आजीचा डाग’ फार गोड शब्द आहे. पण रहस्यपटात लोक रक्ताचाच डाग शोधतील. नाम हवंच असेल तर ‘ठेवा’. जपून ठेवलेलं आणि थोडं लपवलेलं, दोन्ही छटा त्यात येतात.

मूळ शब्दातही एक गंमत आहे. त्यातला ‘लूम’ म्हणजे आजचा माग नव्हे, जुन्या अर्थाने कुठलंही अवजार किंवा वस्तू. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात काही वस्तू इतर जंगम मालमत्तेसारख्या वाटल्या जात नसत, घराबरोबर थेट वारसाकडे जात. कथेतलं भांडण या मुद्द्यावर असेल तर ‘घराण्याचं’ वापरा : ‘लॉकेट घराण्याचं आहे, तुझं नाही.’ इथे दुसरा कुठलाही शब्द लंगडा पडेल.

आता गुपितं. घरातल्या लपवलेल्या लाजिरवाण्या गोष्टीला इंग्रजीत ‘स्केलेटन इन द कपबर्ड’ म्हणतात, त्याचं ‘कपाटातला सांगाडा’ असं शब्दशः करू नका. रहस्यपटात प्रेक्षक खरोखरच कपाट उघडायची वाट पाहतील. लफडी-भानगडींना ‘कुलंगडी’ आहे : ‘या घराची कुलंगडी बाहेर काढीन.’ आतल्या गोटातल्या माणसाला, म्हणजे जुन्या नोकराला किंवा कुटुंबाच्या डॉक्टरला, ‘अंडीपिल्ली’ द्या : ‘तुमची सगळी अंडीपिल्ली मला ठाऊक आहेत.’ यात धमकी आपोआप येते, म्हणून मायेने बोलणाऱ्या आजीच्या तोंडी साधं ‘गुपित’च ठेवा.