डोकं चालतंय, बटण हरवलंय

‘मॅडम, संगणकावर हल्ली मला काही सापडतच नाही. माझं डोकं कामातून गेलंय का?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांचा हा प्रश्न सहसा भेटीच्या सुरुवातीला येत नाही. माणसं झोपेबद्दल बोलतात, घरातल्या कुरबुरींबद्दल बोलतात, आणि उठता उठता, दाराशी पोचल्यावर हे विचारतात. लाज वाटते ना! १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नियमित आधार संपला, अनेकांच्या मशीनवर विंडोज ११ ही नवी आवृत्ती आली, खालच्या पट्टीतली बटणं डावीकडून मधोमध सरकली आणि हा प्रश्न पुन्हा वरचेवर कानावर येऊ लागला. उत्तर देताना मला दर वेळी एका बाईंची गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांना सुधाताई म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

सुधाताई एका कार्यालयाचा लेखा विभाग सांभाळायच्या. पन्नाशी ओलांडलेली, कामाचा उरक दांडगा. पहाटे दचकून जाग येते, छाती धडधडते, ही तक्रार घेऊन आल्या होत्या. घरचं सगळं बोलून झालं, तरी धागा हाती लागेना. मग एकदा सहज म्हणाल्या, ‘त्यात ते ऑफिसचं नवीन विंडोज.’ मी तिथेच थांबले. ‘त्यात’ म्हणून पुढे ढकललेल्या गोष्टीतच बहुधा मुद्दा असतो, हे मला अनुभवानं कळलं आहे.

हे २०१३ सालचं. विंडोज ८ आदल्या वर्षी २६ ऑक्टोबरला बाजारात आलं होतं. टॅबलेट आणि टचस्क्रीनचे दिवस होते. बोटानं चालवायचं यंत्र आणि माउसनं चालवायचं यंत्र, दोन्हींना एकच रूप द्यायचा बेत होता. त्यापायी १९९५पासून खाली डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण काढून टाकलं. मशीन सुरू केलं की रंगीत चौकटींनी भरलेला पडदा. महत्त्वाची बटणं कडांच्या आड दडवलेली. उजव्या कडेवरून बोट आत सरकवलं की ती बाहेर येतात, ते ठीक. माउस घेऊन बसलेल्या माणसानं मात्र उजव्या कोपऱ्यात बाण न्यायचा, तो वर किंवा खाली सरकवायचा, मग सेटिंग्ज, मग पॉवर, आणि मग कुठे शट डाउन. पडद्यावर याची खूण काहीच नाही.

‘मशीन बंद कसं करायचं, हे मला शेजारच्या मुलाला विचारावं लागलं,’ सुधाताई म्हणाल्या. ‘बंद करायचं! ज्या ऑफिसला मी संगणक शिकवला, त्या ऑफिसात.’

‘तो हसला का?’

‘हसला असता तर बरं झालं असतं हो. “मॅडम, सोपंय” म्हणाला आणि माझ्या हातातून माउस घेतला.’

‘तेव्हा मनात काय आलं?’

‘की संपलं आपलं.’

माझा पिंड विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही पद्धत सांगते की घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो. शट डाउन सापडत नाही याचा वैताग येणं साहजिक आहे, आणि तो संध्याकाळपर्यंत ओसरतोही. पहाटे उठवून बसवणारा होता तो ‘संपलं आपलं’ हा निकाल. पण आमच्या पंथातले काही जण इथे फार घाई करतात. परिस्थिती आहे तशी राहणार, तुम्ही विचार बदला, म्हणून मोकळे होतात. मला ते कधीच पटलं नाही. आधी परिस्थिती नीट बघावी. वस्तू वाईट रचलेली असली तरी वापरणारा दोष स्वतःलाच देतो, हे डॉन नॉर्मन यांच्यासारखे रचनेचे अभ्यासक कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. म्हणून मी सुधाताईंना त्यांच्या मनाबद्दल न विचारता त्या पडद्याबद्दलच विचारत राहिले. नक्की काय होतं? हात कुठे जातो?

‘खाली डाव्या कोपऱ्यात जातो. तिथे क्लिक केलं की सगळा पडदा चौकटींचा होतो. माझे आकडे गायब! काम मागे तसंच असतं, हे आता माहीत आहे मला. पण इतक्या दिवसांनीही हात ऐकत नाही. लक्षातच राहत नाही. म्हणजे सुरुवात झाली ना?’

‘कशाची?’

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. ‘आईला होता, तो विसरण्याचा आजार.’

आता कळलं, धडधड कशाची होती. ‘घाबरू नका’ म्हणणं अगदी सोपं होतं. पण धीर देऊन भीती जात नाही, ती पुढच्या पहाटेपर्यंत थांबते. मी विचारलं, ‘हात डाव्या कोपऱ्यातच का जातो?’

‘सवय. अठरा वर्षांची.’

‘मग हात विसरला म्हणायचं, की त्याला अजून आठवतंय?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. मी घाई केली नाही.

‘तुम्ही ऑफिसात शिकवलंत म्हणता, तेव्हा सगळ्यात कोणाला जड गेलं?’

‘आमच्या हेडक्लार्कना. माउस टेबलावर ठेवायचेच नाहीत, हवेत धरायचे!’ त्या खुदकन हसल्या. ‘पण माणूस हुशार हो. पानभर आकड्यांची बेरीज तोंडी करायचे.’

‘त्यांचं डोकं गेलंय असं वाटलं तुम्हाला?’

‘छे! त्यांना सगळंच नवीन होतं. मी म्हटलं, साहेब, खाली बटण आहे, त्यावर स्टार्ट लिहिलंय, काही सुचलं नाही की तिथून सुरू करा.’ आणि त्या मध्येच थांबल्या. आवाज चढला. ‘त्यावर लिहिलेलं होतं हो, मॅडम! इथे काही लिहिलेलंच नाही. जे दिसतच नाही ते मला आठवणार कसं?’

याच्यासाठी मी इतके दिवस वाट बघत होते. हेच वाक्य मी पहिल्या दिवशी बोलू शकले असते. त्यांनी मान डोलावली असती आणि पहाटे पुन्हा जाग आली असती. हेडक्लार्कना त्यांनी जी मोकळीक दिली होती, ती स्वतःला नाकारली होती. ती त्यांनी आपल्याच तोंडानं परत दिली.

यातलं शास्त्र साधं आहे. समोर दिसणारी गोष्ट ओळखणं सोपं असतं. न दिसणारी आठवून काढणं अवघड, आणि हे विशीतल्या माणसालाही लागू आहे. त्यात हाताची सवय ही वेगळीच स्मृती. बटण गेलं म्हणून ती जात नाही, उलट नव्या सवयीच्या आड येते. शेजारचा मुलगा पटकन शिकला, कारण त्याला मोडायला जुनं फारसं काही नव्हतं.

तरी आईचा इतिहास होता म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला लावली. काही निघालं नाही. वाचकांनीही हा फरक ध्यानात ठेवावा. नवीन गोष्ट न जमणं आणि जुनी, रोजची गोष्ट विसरणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळानं पुन्हा विचारला जात असेल, आजवर बिनचूक जमलेल्या व्यवहारात घोळ होत असतील, तर माझ्यासारखीकडे न येता आधी डॉक्टरांकडे जा.

लाज गेली आणि तिच्या जागी राग आला. तो मी येऊ दिला. पुढे १७ ऑक्टोबर २०१३ला विंडोज ८.१ आलं, बटण परत आलं. सुधाताई विजयी मुद्रेनं आल्या, ‘बघा, चूक माझी नव्हतीच!’ पुढच्या खेपेला चेहरा उतरलेला. ‘बटण आणलं, पण दाबलं की पुन्हा त्याच चौकटी.’

‘कंपनीनं पूर्ण माघार घेतली की मगच शांत झोपायचं, असं ठरवलंय का तुम्ही?’

हसल्या, पण बोच लागली. ‘असं व्हायलाच नको होतं’ या हट्टावर बसलं, की आपली झोप आपण दुसऱ्याच्या निर्णयावर गहाण टाकतो. जुन्यासारखा स्टार्ट मेन्यू परत यायला २९ जुलै २०१५ उजाडला, विंडोज १० बरोबर. तक्रार जरूर करावी. लोकांनी केली म्हणून तर माघार घेतली गेली. पण तक्रार एका बाजूला आणि शिकणं दुसऱ्या बाजूला चालू राहू शकतं, एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

मग शिकण्याचं काम फारच थोडं निघालं. त्यांनी वहीत लिहून ठेवलं: विंडोजची कळ दाबून थेट प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, विंडोज आणि डी या कळा एकत्र दाबल्या, तर डेस्कटॉप, विंडोज आणि आय दाबल्या, तर पॉवरचं बटण असलेली पट्टी. ८.१मध्ये मशीन थेट डेस्कटॉपवर सुरू करायची सोय होती, ती लावून घेतली. बाकीच्या चौकटींकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, आणि मीही आग्रह केला नाही. हिशेबाचे प्रोग्राम पूर्वीसारखेच चालत होते. बदल दारात होता, घर तेच होतं.

तुमच्यावर ही वेळ आली असेल तर महिनाअखेरीच्या धांदलीत नवीन काही शिकायला बसू नका. निवांत दिवस निवडा, रोज लागणाऱ्या चार-पाच गोष्टींचीच यादी करा. चौघांना विचारत फिरू नका, एकालाच विचारा, नाहीतर प्रत्येक जण वेगळी वाट दाखवतो आणि गोंधळ वाढतो. घरातल्या किंवा कार्यालयातल्या तरुणांना माझं सांगणं एवढंच की ‘सोपंय’ हा शब्द वर्ज्य करा. सोपं आहे आणि तरी जमत नाही, म्हणजे ऐकणाऱ्यानं काय समजायचं? आणि माउसला हात लावू नका.

सुधाताईंनी त्या मुलाला हीच अट घातली होती: माउस मिळणार नाही, तू तोंडी सांग. पुढच्या भेटीत त्याचं वर्णन करताना त्यांना हसू आवरेना. ‘त्यालाही सांगता येईना, मॅडम! “थांबा, आधी माझ्या मशीनवर करून बघतो, मग सांगतो,” म्हणाला.’