'क्षपण' म्हणजे कमी करणे?

प्रश्न असा आहे: 'मर्क्युरिक रिडक्टेज' या जिवाणूंतल्या विकराचा (एन्झाइमचा) अर्थ एका ठिकाणी 'पारा कमी करणारे विकर' असा दिला आहे, तो चालेल का?

नाही चालणार. चूक समजण्यासारखी आहे, कारण 'रिडक्शन'साठीच्या आपल्या 'क्षपण' शब्दातच 'क्षय' दडलेला आहे. पण रसायनशास्त्रात क्षपण होतं तेव्हा अणूला इलेक्ट्रॉन मिळतात. म्हणजे नावात घट आणि प्रत्यक्षात कमाई! कमी होतो तो विद्युतभार. या विकरामुळे पाऱ्याच्या +२ भाराच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि भार शून्यावर येतो. हे इलेक्ट्रॉन येतात एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूकडून, विकरातल्या एफएडी या मदतनीस रेणूच्या हातून. पारा होता तेवढाच राहतो, फक्त त्याचं रूप पालटतं.

'रिडक्शन'च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'मागे नेणे', म्हणजे खनिजातून धातू परत मिळवणे. हिंगूळ तापवून पारा काढणाऱ्या आपल्या रसवैद्यांना हा अर्थ 'क्षपणा'पेक्षा लवकर पटला असता. (संस्कृत नाटकांतला क्षपणक मात्र साधू असतो. दहावीच्या रसायनात क्षपण घडवणारा पदार्थ म्हणून तो भेटला की मला अजून हसू येतं.)

'मर्क्युरिक'मधला 'इक'ही सोडू नका. तो +२ अवस्था सांगतो; +१ असती तर 'मर्क्युरस' म्हटलं असतं. नुसतं 'पारा' लिहिलं की हा भेद पुसला जातो. म्हणून मी मूळ नावच देवनागरीत ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला 'पाऱ्याच्या आयनाचे क्षपण करणारे विकर' असं जोडीन.

याच्याच जोडीचं दुसरं विकर मिथिलमर्क्युरीसारख्या संयुगातला कार्बन-पारा बंध तोडतं. जपानमधल्या मिनामाताच्या माशांतून माणसांत गेलेलं विष ते हेच, मिथिलमर्क्युरी. पण ते विकर लायेज (बंध तोडणारं), विकरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चौथ्या वर्गातलं; रिडक्टेज पहिल्या वर्गातलं, त्याचा वर्गीकरण क्रमांक ईसी १.१६.१.१. दोघांनाही सरसकट 'क्षपण विकरे' म्हणू नये.

आणि रिडक्टेजच्या कामासाठी 'निर्विषीकरण' हा शब्द जपून वापरा. धातुरूप पारा बाष्प होऊन पेशीबाहेर उडून जातो, त्यामुळे जिवाणू सुटतो. तेच बाष्प आपल्या श्वासात गेलं तर विषच असतं.