आखाड्यातून पिंजऱ्यात उतरताना

मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, हा ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला, जाळीच्या पिंजऱ्यात खेळला जाणारा खेळ. त्याबद्दल या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली आहेत. कुस्ती आणि ज्युदोचे प्रशिक्षक व क्रीडावैद्यकाचे डॉक्टर यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी चाळीसगाव तालुक्यातला, वय 20. लहानपणापासून आखाड्यात आहे, यात्रेतल्या दंगलीत कुस्त्या करतो, 61 किलोत जिल्हा पातळीवर खेळलो आहे. वर्षभरात व्यावसायिक एमएमए फायटर होता येईल का?

वर्षभरात हौशी लढत खेळता येईल. व्यावसायिक लढतीची घाई मात्र करू नका. व्यावसायिक लढतीचा निकाल कायमचा नावावर चढतो, तो पुसता येत नाही. उद्या कोणताही आयोजक आधी तुमचे विजय आणि पराभव बघणार. पहिल्या तिन्ही लढती हरलेल्या पैलवानाला पुढे बोलावणं येतं ते बहुतेक वेळा आयोजकाच्या लाडक्या खेळाडूला सोपा विजय मिळावा म्हणूनच. आधी आठ-दहा हौशी लढती खेळा. तिथे फेरी तीन मिनिटांची असते, कोपर मारायला बंदी असते, नडगीला पॅड असतात. व्यावसायिक लढतीत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एका मिनिटाची विश्रांती, हातात जेमतेम 113 ग्रॅमचे, म्हणजे 4 औंसांचे ग्लोव्हज, आणि कोपराला मोकळीक. हे दोन खेळ दिसायला सारखे असले तरी शरीराला ते सारखे पडत नाहीत.

कुस्तीची शिदोरी मोठी आहे. पट काढणं, कब्जा घेणं, वरून वजन टाकून माणूस दमवणं या गोष्टी बॉक्सिंगमधून आलेल्या मुलाला शिकायला काही वर्षं लागतात. पण आखाड्यातल्या तीन सवयी पिंजऱ्यात घात करतात, आणि नव्या पैलवानांचे बरेचसे पराभव त्यातूनच होतात.

पहिली सवय पालथं पडण्याची. चित होऊ नये म्हणून पैलवान पोटावर पडतो, कोपरं आवळतो आणि वरच्याला दमवतो. कुस्तीत हे बरोबर आहे. एमएमएत वरचा गडी दोन्ही पाय तुमच्या मांड्यांत अडकवतो आणि हनुवटीखालून हात घालतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की काही सेकंदांतच शुद्ध हरपते. म्हणून पाठीवर पडून लढणं, कंबर सरकवून निसटणं आणि उठणं आधी शिका. पाठ जमिनीला लागली म्हणजे हरलो ही भावना पैलवानाच्या हाडात मुरलेली असते. ती जायला कित्येक महिने लागतात, तेवढा वेळ स्वतःला द्या.

दुसरी सवय डोकं खाली घालून दुहेरी पटात, म्हणजे दोन्ही पाय धरायला शिरण्याची. मान समोरच्याच्या बगलेत सापडली की गिलोटिन, म्हणजे समोरून हाताने मानेला घातलेला फास, लागतो. यूएफसी या एमएमएच्या मोठ्या अमेरिकी संस्थेत उतरलेला आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला सोंग यादोंगकडून पहिल्याच फेरीत गिलोटिनने हरला. शिरताना नजर वर ठेवा, कान बरगडीला चिकटलेला हवा आणि अर्ध्यात थांबू नका. तरीही मान अडकलीच, तर ती ज्या बाजूला अडकली आहे त्याच्या उलट बाजूला अंग न्या, म्हणजे पकड ढिली पडते. मान ज्या बाजूला अडकली त्याच बाजूला राहिलात तर फास आणखी आवळतो.

तिसरी सवय हात ताठ करून ढकलण्याची. हात लांब झाला की समोरच्याला आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारी पकड, आयताच मिळतो. कुस्तीतून आलेली रितू फोगाट डिसेंबर 2021 मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या ग्रां प्री स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेली आणि तिथे स्टॅम्प फेअरटेक्सच्या आर्मबारने हरली. इतक्या वरच्या पातळीवरही ही चूक महागात पडते.

एक सराव उद्यापासून घरच्या भिंतीवर करता येईल. पिंजऱ्याच्या जाळीला टेकून उठणं हे रोजचं काम आहे, आणि आखाड्याला जाळी नसल्याने पैलवानाला ते येत नाही. भिंतीला पाठ लावून बसा, साथीदाराला तुमचे पाय धरू द्या. आधी कंबर भिंतीपर्यंत सरकवा. एक हात मागे जमिनीवर टेकवा, दुसरा साथीदाराच्या बगलेखालून वर घाला. टेकलेल्या हाताच्या बाजूचा पाय अंगाखाली ओढा. त्या हातावर आणि पायावर भार देत भिंतीला घासत उभे राहा, आणि उभं राहताच त्याचं डोकं ढकलून तोंड त्याच्याकडे करा. बगलेखालचा हात न घालता उठलात तर तो पुन्हा खाली ओढतो. चूक होते ती नेमकी इथेच. दोन्ही बाजूंनी रोज दहा मिनिटं करा.

आठवड्याचं वेळापत्रक साधारण असं ठेवा : तीन दिवस बॉक्सिंग आणि लाथा, दोन दिवस जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडी आणि फासांची कला), दोन दिवस मॅटवर कुस्ती. यातल्या दोन दिवशी संध्याकाळी वजनं उचला आणि एक दिवस फक्त हलकं काम करा. उभं राहण्याची ढबही बदलावी लागेल, कारण खाली वाकून पुढच्या पायावर भार टाकला की पोटरीवर लाथा बसतात आणि तोंड समोरच्याच्या गुडघ्याच्या टप्प्यात येतं. बॉक्सिंग आणि ज्युदोसाठी जिल्हा क्रीडा संकुलात चौकशी करा. जिउ-जित्सूचा चांगला गुरू जवळ मिळाला नाही, तर दर महिन्याला एक आठवडा नाशिक, पुणे किंवा मुंबईत काढा आणि शिकलेलं उरलेले तीन आठवडे घोटा. जिम निवडताना एवढं बघा : स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, 16 औंसांचे ग्लोव्हज आणि दातांचा गार्ड सक्तीचा आहे का, आणि जोरदार स्पारिंग आठवड्यातून एकदाच होतं का. रोज डोक्यावर मार घेत असतील, तर तिथून निघा.

प्रश्न : माझं रोजचं वजन 72 किलो आहे. मित्र 61.2 किलोत खेळतो, मलाही त्याच गटात उतरायचं आहे. प्लास्टिकचा सूट घालून पळालं तर जमेल का? लढत मेमध्ये आहे. (भुसावळ)

नाही, हे अजिबात करू नका. 72 वरून 61.2 म्हणजे 10.8 किलो, अंगाच्या 15 टक्के. भुसावळच्या मे महिन्यात पारा 44-45 वर असताना प्लास्टिकच्या आत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. आतलं तापमान चढतच जातं. 2015 च्या डिसेंबरमध्ये वन चॅम्पियनशिपचा 21 वर्षांचा चिनी खेळाडू यांग जियान बिंग वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर त्या संस्थेने पाणी तोडून वजन कमी करण्यावर बंदी आणली आणि लघवीची तपासणी सुरू केली.

तुमचा गट 65.8 किलोचा. आठ-नऊ आठवड्यांत जेवणातून 3 किलो चरबी उतरवा, म्हणजे आठवड्याला 300-400 ग्रॅम. 69 वर आलात की शेवटच्या आठवड्याला 3.2 किलो उरतात, म्हणजे अंगाच्या पाच टक्क्यांहून कमी. याच्या पुढे जाऊ नका.

शेवटच्या पाच दिवसांत भाकरी, मेथी, डाळी, भरीत थांबवा. तंतुमय पदार्थ बंद झाले की आतड्यातला भार उतरतो आणि अर्धा ते एक किलो कमी होतं. पांढरा भात थोडाच घ्या, सोबत अंडी, दही आणि चिकन. स्नायूंत साठलेली साखर कमी झाली की तिच्यासोबतचं पाणीही जातं, साधारण एक ग्रॅमला तीन ग्रॅम. उरलेलं आदल्या रात्री 40 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात बसून : दहा मिनिटं पाण्यात, दहा मिनिटं बाहेर टॉवेलमध्ये, मग वजन. अशा तीन-चार फेऱ्या पुरे, आणि शेजारी जागा माणूस हवाच. गरगरलं, बोलणं अडखळलं किंवा घाम अचानक थांबला, तर लगेच बाहेर या, अंगावर गार पाणी ओता आणि डॉक्टरांकडे जा. त्या दिवशी वजन गटात बसलं नाही तर नको बसू दे. लघवीच्या गोळ्या कधीच घेऊ नका. त्या उत्तेजकांच्या यादीत कायम बंदी असलेल्या आहेत, आणि पोटॅशियम घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

वजन झाल्यावर गमावलेल्या किलोंच्या दीडपट पाणी परत भरायचं. 3 किलो गेले तर साडेचार लिटर, तेही दोनशे-दोनशे मिलीचे घोट घेत, आणि निम्मं तरी ओआरएस. एकदम नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, उलट्या होतात. खाण्यात दहीभात, केळी, गूळ. शेवभाजी आणि तुपात बुडालेली बट्टी लढतीनंतर खा, तेलातुपाने पोट लवकर रिकामं होत नाही. सलाइन लावून घेऊ नका. बारा तासांत 100 मिलीहून जास्त सलाइन ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनी बंद आहे, त्याला अपवाद फक्त रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांचा. आणि हे सगळं वजन आदल्या दिवशी होतं तेव्हाचं. अनेक दिवस चालणाऱ्या हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेतात, तिथे पाणी तोडून काही साधत नाही.

प्रश्न : मुलगा कंपनीतली नोकरी सोडून एमएमएच करतो म्हणतो. यात घर चालतं का? (एक वडील, धुळे)

सुरुवातीची काही वर्षं चालत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. मानधनाचे बहुतेक वेळा दोन तुकडे असतात, एक लढल्याचा आणि एक जिंकल्याचा. समजा दोन्ही 40-40 हजार आहेत आणि मुलगा हरला. 40 हजारांतून व्यवस्थापकाचे 15 टक्के आणि प्रशिक्षकाचे 10 टक्के गेले की 30 हजार उरले. एका लढतीची तयारी तीन महिन्यांची, म्हणजे महिन्याला 10 हजार पडले, आणि त्यातूनच खुराक, प्रवास, रक्ताच्या व डोळ्यांच्या तपासण्या. वर्षाला दोन-तीन लढती झाल्या तरी पुष्कळ. हाताचं हाड मोडलं तर वर्षच गेलं.

म्हणून काका, नोकरी सोडू देऊ नका, पाळी बदलून मागायला सांगा. पदवी अर्धवट असेल तर ती पूर्ण व्हायलाच हवी. करारावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा आणि या चार गोष्टी शोधा : किती लढती आणि किती महिने तो बांधलेला राहतो, दुसरीकडे खेळता येतं का, जखमेचा खर्च कोण देतं, आणि समोरचा ऐनवेळी आला नाही तर काय मिळतं. शेवटच्या कलमाकडे कोणी बघत नाही आणि बरेचदा पैसे तिथेच बुडतात.

कुस्तीचा रस्ता तोडू नका, हा आमचा आग्रह आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी 2014 ते 2016 सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलिस उपअधीक्षक म्हणून सेवेत आले. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते ठरावीक खेळांच्या ठरावीक स्पर्धांनाच लागू होतं. 2026 च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धांत एमएमएला जागा मिळाली आहे, ही चांगली गोष्ट. तरी कोणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चालू शासन निर्णय मागून वाचा.

प्रश्न : माझा मुलगा लढतीत डोक्याला फटका बसून काही सेकंद बेशुद्ध पडला. आता ठीक आहे म्हणतो आणि चौथ्या दिवशीच सरावाला निघाला. जाऊ देऊ का? (एक आई, पाचोरा)

ताई, जाऊ देऊ नका. बाहेरून ठीक वाटलं तरी मेंदू आतून सावरलेला नसतो, आणि अशा वेळी बसलेला दुसरा, अगदी हलका फटकाही जिवावर बेतू शकतो. अमेरिकेत बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला तिथले क्रीडा आयोग अनेकदा 90 दिवसांपर्यंत सक्तीने बाहेर ठेवतात. आपल्याकडच्या छोट्या कार्यक्रमांत अशी सक्ती करणारं कोणी नसतं, म्हणून ती घरच्यांनीच करायची.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मोटरसायकल बंद. डोकं दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल द्या; आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको. मग चालणं, त्यानंतर हलकं धावणं, मग एकट्याने सराव. प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस थांबायचं, त्रास वाढला तर एक पायरी मागे. डोक्यावर मार बसेल असं काहीही तीन महिने नको, आणि तेव्हाही आधी डॉक्टरांची लेखी परवानगी. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एक बाहुली मोठी दिसणं, जीभ जड होणं, झटका, किंवा हलवूनही नीट जाग न येणं, यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच क्षणी न्या.

प्रश्न : मी 17 वर्षांची आहे, शहाद्याला ज्युदो खेळते. मुलींना यात वाव आहे का?

आहे. वुशू या चिनी मार्शल आर्टमधून आलेली पूजा तोमर 8 जून 2024 ला यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, आणि तिचा गट 52.2 किलोचा. व्यावसायिक लढत अठरा पूर्ण झाल्यावरच. तोवर तू ज्युदो सोडू नकोस, फक्त आठवड्यातून दोन दिवस जॅकेटशिवाय खेळ. कॉलर धरून फेकायची सवय लागलेला हात उघड्या अंगावर घसरतो, म्हणून बगलेखालची आणि मानेमागची पकड आतापासून बसव.

प्रश्न : मांडीवरचा नायटा मलम लावूनही परत परत येतो. लढत पुढच्या महिन्यात आहे. (अमळनेर)

आधी मलमाचं नाव वाचा. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरते आणि कडा पुसट होऊन डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. ते थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून फक्त बुरशीविरोधी औषध घ्या. डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, सहसा दोन आठवडे, चालू ठेवा. लवकर सोडल्यामुळेच तो उलटतो. लंगोट आणि टॉवेल स्वतःचाच वापरा, रोज धुऊन कडक उन्हात वाळवा. डाग पूर्ण जाईपर्यंत कुस्ती आणि जिउ-जित्सू बंद ठेवून पिशवीवर काम करा. लढतीआधी डॉक्टर अंग तपासतात, आणि ओला डाग दिसला तर लढत रद्द होते.